चरसातलं लाल तेल
लेखमाला : वनस्पती ते औषध – लेखांक ७

मागच्या आठवड्यात अफूतून मॉर्फिन कसं वेगळं झालं ते पाहिलं. ते काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उरकलं होतं. मग गांजा-चरसातला नशेचा मुख्य घटक शुद्ध रूपात हाती यायला १९६४ साल का उजाडावं लागलं? प्रयत्न कमी पडले नव्हते. अडचण त्या द्रव्याच्या स्वभावातच होती.

मॉर्फिन आम्लात मिसळलं की त्याचा क्षार होतो आणि पाण्यात उतरतो. त्यात अल्कली घातली की कण तळाशी बसतात. चरसातली द्रव्यं यातलं काहीच करत नाहीत. ती तेलकट, पाण्याला न जुमानणारी, एकमेकांना चिकटून राहणारी. कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९च्या सुमारास गांजाचा मद्यार्कातला अर्क धनुर्वाताच्या रुग्णांना दिला आणि झटके सौम्य झाल्याचं नोंदवलं. पण कुठल्या बाटलीत औषध किती, हे मोजायची सोयच नव्हती. एकाला गुण नाही, तर दुसरा तेवढ्याच थेंबांनी गुंगीत. हे औषध पुढे मागे पडलं त्याचं एक मोठं कारण हेच.

१८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसाचं ऊर्ध्वपातन केलं. नेहमीच्या दाबाला ही द्रव्यं उकळेपर्यंत तापवली तर ती आधीच करपतात, म्हणून पात्रातली हवा उपसून घ्यायची. महाबळेश्वरला पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळतं, त्यामागचं तत्त्व तेच. आधी वासाची हलकी टर्पिनं निघाली, मग जड तेलं, आणि अखेरीस, दाब इतका उतरवूनही थेट २६५ अंशांना, एक लाल तेल. थंड झालं की ते घट्ट राळेसारखं व्हायचं. त्याला त्यांनी ‘कॅनाबिनॉल’ म्हटलं. तीन वर्षांनी, ते तेल म्हणजे मिश्रण आहे, हेही त्यांनीच जाहीर केलं. मला हा प्रामाणिकपणा मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

ऊर्ध्वपातन इथे अपुरं पडलं, कारण चरसातल्या या भावंडांचे उत्कलनबिंदू जवळजवळ आहेत. वाफ झाली की ती सगळी बरोबरच निघतात. शिवाय उष्णता नुसती वेगळं करत नाही, बदलतेही. नशेचा तो मुख्य घटक म्हणजे टीएचसी. ताज्या वनस्पतीत तो मुख्यतः आम्लरूपात असतो. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशा आणणारं रूप तयार होतं. तेच टीएचसी हवा-उजेडात जुनं झालं की त्याचं कॅनाबिनॉल होतं. केंब्रिजकरांच्या हाती शेवटी शुद्ध होऊन आलं ते हे कॅनाबिनॉल. मूळ टीएचसी त्या तेलात दडलेलंच राहिलं.

ते सापडलं इस्रायलमध्ये. रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी पोलिसांनी जप्त केलेलं पाच किलो हशीश, म्हणजे चरसच, मागून घेतलं आणि चक्क सार्वजनिक बसमधून रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत आणलं. येहिएल गाओनी यांच्यासोबत त्यांनी त्याचा अर्क भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडला. भुकटी प्रत्येक द्रव्याला कमीजास्त धरून ठेवते, त्यामुळे ती एकामागून एक खाली उतरतात. जी भावंडं वाफेत वेगळी होईनात, ती इथे सुटी झाली. १९६४ मध्ये दोघांनी टीएचसीची रचना प्रसिद्ध केली.

त्याच कुटुंबातलं, पण नशा न आणणारं सीबीडी २०१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर मान्यताप्राप्त औषध झालं, मिलिग्रॅममध्ये मोजून देता येणारं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.