तीन वाटा, एकच डीपी

दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपण देशभर बहुतेक ठिकाणी बंद झाले, तेव्हा फारशी कुणाला हळहळ वाटली नाही. घरोघरी डिश आलेली होती. मात्र ते चालू होते तेव्हाही त्याच्या वाट्याची हवेतली जागा मोठ्या प्रमाणात पडूनच होती. आयआयटी मुंबईच्या गौरांग नाईक, सुदेश सिंघल, अनिमेष कुमार आणि अभय करंदीकर यांनी 2014 साली 470 ते 590 मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा हिशेब मांडला. 8 मेगाहर्ट्झचा एक, असे या पट्ट्यात 15 चॅनेल बसतात. जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण करणारे एकटे दूरदर्शन, आणि या पट्ट्यातले त्याचे प्रक्षेपक तेव्हा अवघे 373. त्यामुळे देशाच्या बहुतेक भागांत 15 पैकी निदान 12 चॅनेल मोकळे सापडतात, असा निष्कर्ष निघाला. बीडहून धाराशिवकडे जाताना मांजरसुंब्याच्या पुढे लागणाऱ्या चौसाळ्यासारख्या गावाला हा निष्कर्ष फार कामाचा आहे. महामार्गालगत मोबाईल कंपन्या मनोरे उभारतातच. अडचण येते ती बालाघाटच्या उतारांआडच्या वाड्यांना आणि तांड्यांना. टीव्हीच्या पट्ट्यातल्या लहरी झाडीतून आणि टेकडीच्या कडेवरून वळून जरा तरी पलीकडे पोचतात. वाय-फायच्या 5.8 गीगाहर्ट्झला ते जमत नाही, त्याला समोरासमोर दृष्टी लागते.

मोकळी जागा शोधून वापरणारा आणि मूळ धनी आला की उठून जाणारा रेडिओ म्हणजे कॉग्निटिव्ह रेडिओ. जोसेफ मिटोला यांनी 1999 च्या सुमारास ही कल्पना मांडली. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी तिला मानकाचे रूप 2011 साली मिळाले, आयईईई 802.22 या नावाने. त्यातली शिस्त पाहण्यासारखी आहे. बेस स्टेशन ठरावीक वेळाने सगळ्या ग्राहक-यंत्रांना गप्प करते, आणि त्या शांततेत सगळी मिळून टीव्हीचा सिग्नल ऐकू येतो का, ते तपासतात. तो आला असेल तर दोन सेकंदांत ओळखायचा. पुढे कुठल्या चॅनेलवर जायचे याची क्रमवार यादी आधीच वाटून ठेवलेली असते. त्यामुळे ऐन वेळी एखाद्या यंत्राचा बेस स्टेशनशी संपर्क तुटला, तरी ते त्या यादीतल्या चॅनेलवर आपल्या स्टेशनला शोधू लागते. संशोधकांनी तर यंत्रे चुकीची किंवा मुद्दाम खोटी साक्ष देतील हेही गृहीत धरले, आणि साक्षी कशा जुळवायच्या, बहुमत कधी मानायचे, यावर ढीगभर लिहिले.

हे सगळे बुद्धीचे काम आहे, पण चौसाळ्याच्या बाबतीत ते चुकीच्या जागी खर्ची पडते. मूळ धनी अचानक परत येईल, ही भीती जिथे हवा गजबजलेली आहे तिथे रास्त आहे. पंधरातले बारा चॅनेल मोकळे असताना जाळे बंद पडते ते वेगळ्याच कारणांनी: वीज जाते, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते, वळवाच्या पावसात वीज मनोऱ्यावर पडते. त्यातही खरी खोट अशी की हे बिघाड एकेकटे येत नाहीत. बिघाड सोसणाऱ्या जाळ्याचे गणित बहुधा असे धरून चालते की एक यंत्र बंद पडल्याने शेजारचे बंद पडत नाही. गावात हे गृहीतक पहिल्याच दिवशी मोडते. मुख्य बेस स्टेशन, राखीव बेस स्टेशन आणि मोबाईल कंपनीचा जोड अशा तीन वाटा कागदावर दिसतात. तिन्ही एकाच गावठाण फिडरवर, एकाच डीपीवर म्हणजे रोहित्रावर असतील, तर डीपी जळाली की तिन्ही वाटा एकदमच बंद. रोहित्र बदलून येईपर्यंत किती दिवस जातात हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. बॅटऱ्या असल्या, तरी त्या त्याच विजेवर भरलेल्या असतात.

भारतनेटने हाच धडा मोठ्या किमतीला घेतला. 2011 साली मंजूर झालेल्या या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत फायबर बहुतांशी एकेरी रेषेत गेले, म्हणजे मध्ये तार तुटली की पुढचा सगळा भाग आंधळा. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1.39 लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रिंगची रचना आली. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट मिळावी, म्हणून. चौसाळ्यात असे जाळे रचायचे तर पहिला पैसा सौर पॅनेल, बॅटरी आणि अर्थिंगवर, दुसरा वेगळ्या दिशेने येणाऱ्या जोडावर, आणि रेडिओच्या हुशारीवर उरलासुरला, असा माझा क्रम राहील.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा: ऐकणे कमी केले तर परवानाधारकाला त्रास होणार नाही का? उलट डोंगराळ भागात ऐकण्यावरच भरवसा ठेवता येत नाही. घळीत बसलेल्या यंत्राला टेकडीमागचा प्रक्षेपक ऐकूच येत नाही, आणि जागा मोकळी समजून ते बोलू लागते. त्यापेक्षा कुठे कुठला चॅनेल मोकळा आहे, याची नोंदवही बरी. अमेरिकेच्या नियामकाने 2010 मध्ये नोंदवही विचारणाऱ्या यंत्रांवरची ऐकण्याची सक्ती काढली. तेव्हाच्या नियमानुसार स्थिर यंत्राने रोज एकदा नोंदवही विचारायची. संपर्क झाला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत जुन्या माहितीवर चालायचे, मग गप्प व्हायचे. मला हा नियम सगळ्या अल्गोरिदमपेक्षा शहाणा वाटतो, कारण न कळण्यालाही त्यात मुदत घातलेली आहे. दूरदर्शनचे उरलेले प्रक्षेपक रोज जागा बदलत नाहीत. आपल्याकडे तीच मुदत आठवडाभर केली तरी बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: इतकी जागा मोकळी आहे तर कॉग्निटिव्ह रेडिओ हवाच कशाला, सरळ परवाने द्यावेत. पण परवाना लिलावात गेला की तो गिऱ्हाईक जिथे दाट तिथे वापरला जातो. 2022 च्या लिलावात 600 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही, तरी तो पट्टा तांड्यांना खुला झाला नाही. तिसऱ्या म्हणण्याप्रमाणे, फोरजी आले, आता हे जुने झाले. फोरजीचा मनोराही त्याच डीपीवर असेल, तर वरचा सगळा हिशेब त्यालाही लागू होतो.

हे नुसते कल्पनेतले नाही. करंदीकरांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरात प्रायोगिक परवान्यावर टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यातून गावे जोडून दाखवली. पुढे त्यांच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीसही मिळाले. पण प्रयोगाचा परवाना प्रयोगापुरताच असतो. 25 गावांपर्यंत जाळे वाढवताना त्यांना परवानामुक्त 5.8 गीगाहर्ट्झवर यावे लागले. बालाघाटात त्या लहरींना उंच मनोरे लागतील. उंच मनोरा महाग, आणि वळवाच्या विजेलाही तोच आधी सापडतो.