गोंगाट, व्यवसायजन्य व स्थूलता

कामाच्या ठिकाणी यंत्रे, हत्यारे, वाहने इत्यादींमुळे कामगाराच्या कानावर दीर्घकाळ पडणाऱ्या तीव्र ध्वनीस व्यवसायजन्य गोंगाट म्हणतात. ध्वनिपातळी डेसिबेल या एककात मोजतात. हे माप लॉगरिथमीय असल्याने १० डेसिबेलांची वाढ म्हणजे ध्वनितीव्रतेत दहापट वाढ होय. भारतातील कारखानेविषयक नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा घालण्यात आली.

मुंबईत या गोंगाटाचे प्रमुख क्षेत्र कापडगिरण्या हे होते. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग व लगतच्या भागांत गिरणगाव वसले. गिरणीतील साचेखाते विशेष कर्कश असे. साच्यातील धोटा प्रत्येक फेरीस ठोक्याने फेकला व अडविला जातो. असे शेकडो साचे एका छताखाली चालत असल्यास ध्वनिपातळी ९५ डेसिबेलांच्याही वर जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या.

गोंगाटाने अंतर्कर्णातील केशकोशिका नष्ट होऊन कायमचे बहिरेपण येते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या सूचनीय रोगांच्या यादीत या बहिरेपणाचा समावेश करण्यात आला होता. गोंगाटाचा परिणाम मात्र कानापुरता मर्यादित नसतो. तीव्र ध्वनी शरीरास धोक्याची सूचना ठरतो व अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन अधिक स्रवते. ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास पोटाभोवती मेद साठतो व इन्शुलिनाचा प्रभाव घटतो. झोप अपुरी झाल्यास भूक शमविणारे लेप्टीन कमी व भूक वाढविणारे घ्रेलीन अधिक होते.

स्टॉकहोम परिसरात २०१४ व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत विमान व रस्ता-वाहतुकीच्या गोंगाटाचा संबंध कंबरेच्या वाढत्या घेराशी आढळला. उंचीच्या मानाने वजन दर्शविणाऱ्या निर्देशांकाशी तो आढळला नाही. हा भेद भारतात महत्त्वाचा आहे. कारण वजन बेताचे असूनही पोटाभोवती मेद अधिक असणे ही भारतीयांची शरीरप्रकृती पुण्याचे वैद्य चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट झाली आहे. म्हणून भारतीय पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही कंबरेच्या घेराची मर्यादा मानतात.

कामाच्या गोंगाटाबाबत असा संबंध दाखविणे अवघड असते. साचेवाल्याचे काम उभ्याने व कष्टाचे असल्याने ऊर्जा बरीच खर्च होई. क्षयासारख्या रोगाने वजन घटे. रात्रपाळी, खाणावळीतील जेवण व एकाच खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपण्याची गिरणगावातील पद्धत यांचाही परिणाम गोंगाटाबरोबरच होई. त्यामुळे कृश दिसणारा कामगार गोंगाटापासून सुरक्षित होता, असे अनुमान काढता येत नाही. तसेच स्थूलतेचे कारण केवळ गोंगाट होय, असेही म्हणता येत नाही.

यंत्रांची देखभाल, ध्वनिशोषक आवरणे, पाळ्यांची अदलाबदल व कर्णरक्षके हे प्रतिबंधाचे उपाय होत. कर्णरक्षक हा शेवटचा उपाय मानावा. गोंगाट उगमाशीच कमी करणे श्रेयस्कर. कामगारांच्या नियतकालिक तपासणीत श्रवणमापनाबरोबर रक्तदाब, कंबरेचा घेर व झोप यांचीही नोंद ठेवणे इष्ट आहे. अन्यथा कानाबाहेरील हानी नोंदीतच येत नाही आणि भरपाईच्या विचारातूनही ती वगळली जाते.