दस्त्याला तेल पाजा, पण शिक्का पुसू नका!

वीकएंडला काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर एखादा ट्रेक? अमेरिकेत तुमच्यासारखीच आठवडाभर क्यूबिकलमध्ये बसणारी काही मंडळी शनिवारी गॅरेजचं शटर उघडतात आणि महायुद्धाच्या काळातल्या रायफलचं लाकूड घासायला बसतात. हॉबी एकदम हटके, पण भानगडही तेवढीच मोठी!

फंडा सोपा आहे. सैन्यांनी नव्या बंदुका घेतल्या, की जुन्यांचे ढीग गोदामात पडून राहतात आणि पुढे सरप्लस म्हणून विकले जातात. १९३६ मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारलेली एम-१ गॅरंड, रशियाची मोसिन-नागां, ब्रिटिशांची ली-एनफिल्ड ही यातली स्टार मंडळी. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे मोसिन चक्क शंभर डॉलरच्या आत मिळायची.

ली-एनफिल्ड म्हणजे कोण, ओळखलंत? आपली थ्री-नॉट-थ्री! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर काही पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात साठच्या दशकात तिचीच ७.६२ मिलिमीटरची बहीण बनली, २ए१. तीही सरप्लस म्हणून अमेरिकेत पोहोचली. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला मजबुतीचा स्क्रू दिसला, की तिथले शौकीन लगेच ओळखतात, ही इशापूरची! आपल्याकडे मात्र थ्री-नॉट-थ्री 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडते, त्यामुळे घरी आणायचा विचारसुद्धा नको.

आधी आंघोळ

सरप्लस रायफल येते ती कॉस्मोलिन नावाच्या चिकट, तपकिरी ग्रीसने माखून. बंदूक रिकामी आहे ना, हे आधी दोनदा बघायचं, मग लाकूड लोखंडापासून वेगळं करायचं. लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवलं, की ग्रीस पाझरून बाहेर येतं. ते पुसत राहायचं, पुन्हा उन्हात ठेवायचं. पेशन्सचं काम आहे, बॉस!

पोचे आले असतील तर त्यावर ओला रुमाल ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा बराचसा भरून येतो. तुटलेला तुकडा मात्र याने परत येत नाही.

मग तेल. ब्रिटिश सैनिक दस्त्याला अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल चोळायचे. नवी क्रिकेट बॅट घेतल्यावर तुम्ही लावता ना, तेच! पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचं, उरलेलं पुसून टाकायचं. जुन्या कारागिरांचा हिशेब ठरलेला: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि मग आयुष्यभर वर्षातून एकदा. रशियन दस्त्यांचा लालसर चकाकता थर वेगळा. ते शेलॅक, म्हणजे आपली लाख.

एक गोष्ट विसरू नका. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवायच्या.

पॉलिश पेपर? थांबा!

खरं भांडण इथे सुरू होतं. नव्या शौकिनाचा हात पहिल्यांदा पॉलिश पेपरकडेच जातो. घासलं की लाकूड कसं सॉलिड दिसतं! पण त्याच लाकडावर तपासनिसाचे शिक्के असतात, दुरुस्तीची ठिगळं असतात, कधी एखाद्या सैनिकाने कोरलेली आद्याक्षरंही असतात. दहा मिनिटांत सगळं साफ! जाणकार गिऱ्हाईक अशा रायफलला कमी भाव देतं. शिवाय लाकूड झिजून लोखंडाच्या पातळीखाली गेलं की ते लगेच डोळ्यात भरतं. ली-एनफिल्डच्या पुढच्या लाकडाला आतून घासलं, तर लोखंडाची बैठक बदलते आणि नेमही बिघडू शकतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अगदीच चूक नाही. लाखोंनी बनलेली रायफल, दस्ता आधीच कुणीतरी वार्निश फासून बिघडवलेला, शिक्का एकही उरलेला नाही. मग मालकाने ती हवी तशी सजवली तर काय बिघडलं? म्हणून समंजस लोकांनी एक साधा नियम पाळलाय. आधी दिवा तिरपा धरून शिक्के शोधायचे, फोटो काढायचे आणि नंतरच हात लावायचा. मळ काढायचा, खुणा ठेवायच्या.

रायफल आपल्या नशिबात नाही, ठीक आहे. पण माळ्यावर आजोबांची आरामखुर्ची किंवा पणजीची शिसवी पेटी पडलीय ना? सुताराला 'सगळं घासून नवं कर' असं फर्मान सोडण्याआधी झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे कुणाचं नाव कोरलेलं सापडलं, तर पॉलिश पेपर खाली ठेवा आणि तेलाची बाटली उघडा.