अक्कलकोटातून समुद्र दाखवायचा तर

चाच्यांवरचा शैक्षणिक व्हिडिओ म्हटला की थंबनेलवर डोळ्याला पट्टी, खांद्यावर पोपट आणि मागे कवटीचं निशाण ठरलेलंच. २००७ साली आलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या तिसऱ्या भागात हिंदी महासागराचा चाचेसरदार म्हणून चक्क ‘संभाजी आंग्रिया’ बसवला आहे. संभाजी म्हणजे कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव! मराठी मुलांसाठी व्हिडिओ करणाऱ्याला या सिनेमाशी आधी झगडावं लागतं.

अक्कलकोटला समुद्र नाही. इथे माणसं येतात ती स्वामी समर्थांच्या दर्शनाला. तरीही या विषयाचा धागा इथे सापडतो. संस्थानाचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले हे शाहू महाराजांचे मानसपुत्र. महाराजांनी १७३३ साली बाजीराव पेशव्यांबरोबर त्यांना जंजिऱ्याच्या सिद्दीवर धाडलं. समुद्रावर साथ हवी होती आंग्र्यांची. कान्होजींचे थोरले पुत्र सेखोजी त्याच वर्षी वारले आणि जंजिरा काही हाती आला नाही. गावातल्या मुलांना ही गोष्ट आधी सांगितली की आंग्रे परके राहत नाहीत.

खऱ्या चाच्यासाठी हेन्री एव्हरी घ्यावा. १६९५ साली या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटलं आणि तो गायब झाला. त्याची शिक्षा म्हणून सुरतेत मात्र ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज कोंडले गेले. कान्होजींचं तसं नाही. ते छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना ते जकात घेऊन दस्तक, म्हणजे परवाना देत, दस्तक नसेल त्याला पकडत. कंपनीला हा हक्कच मान्य नव्हता. भांडण मुळात जकातीचं, म्हणून पडद्यावर तलवारीआधी तो कागद दिसला पाहिजे. पण कान्होजींना सोवळं नेसवायचीही गरज नाही. १७१२ साली त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची नौका पकडली आणि कैद्यांच्या सुटकेसाठी ३०,००० रुपये वसूल केले.

ॲनिमेशनवाल्याचा खरा कस लागतो तो लढाईत. कंपनीच्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना. वारा पडला की ते जागच्या जागी खिळायचं. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं जड, तोफांच्या गुराब जहाजांना दोरांनी ओढत त्याच्या पिछाडीला आणायची. गुराबेच्या नाळेवरच्या तोफा तिथून डोलकाठ्या आणि शिडांवर चालायच्या. जहाज लुळं झालं की माणसं वर चढायची. हे नकाशावर बाण काढून कळत नाही. वारा, वल्ही, दोर, तोफेची दिशा असं एकेक सावकाश दाखवावं लागतं. इथे पार्श्वसंगीताचा धडाका मला तरी नको वाटतो.

१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत परतले. त्या स्वारीतलं इंग्रज आरमारप्रमुख मॅथ्यूजचं आरमार इंग्लंडहून निघालं होतं ते मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. स्वारीत असलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ साली पुस्तक छापलं आणि आंग्र्यांना मुखपृष्ठावरच चाचे ठरवलं.

शेवटचा भाग अवघड, कारण तिथे आपलेच लोक समोर उभे आहेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर समुद्रातून इंग्रज आरमाराचा वॉटसन, जमिनीवरून इंग्रज फौजेचा क्लाइव्ह, आणि त्यांच्या जोडीला नानासाहेब पेशव्यांची फौज. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना त्यातला एक रुपयाही दिला नाही.