वेगाआधी तोल

विमानाची छोटी प्रतिकृती स्वतः तयार करावी आणि जमिनीवर उभे राहून रेडिओ लहरींच्या साहाय्याने ती आकाशात फिरवावी, हा छंद आपल्या देशाला नवा नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदल शाखेत प्रतिकृती-विमानांचे प्रशिक्षण अनेक वर्षांपासून दिले जाते. या छंदाचा सर्वांत अवघड प्रकार म्हणजे शर्यतीचे विमान. दिल्ली व तिच्या परिसरात त्याची परीक्षा दुहेरी असते. विमान नीट बांधले पाहिजे आणि ते योग्य जागीच उडविले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने या शर्यतीसाठी 'एफ-3-डी' हा वर्ग ठरविला आहे. त्यात तीन खांबांचा त्रिकोण आखतात. दोन खांब परस्परांपासून 40 मीटर अंतरावर असतात आणि तिसरा त्या दोघांपासून प्रत्येकी 180 मीटर दूर असतो. एका फेरीचे अंतर 400 मीटर होते. अशा दहा फेऱ्या, म्हणजे 4 किलोमीटर, निष्णात वैमानिक एका मिनिटाच्या आत पूर्ण करतात. घरी बांधलेल्या विजेच्या विमानाकडून इतक्या वेगाची अपेक्षा नसते. तरीही दीड किलो वजनाचे विमान ताशी 150 किलोमीटर वेगाने जात असेल, तर एका सेकंदात ते सुमारे 42 मीटर पुढे जाते. नजरेने पाहून हाताने प्रतिसाद देण्यास पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात त्याने दहा मीटर अंतर कापलेले असते.

खरा कस लागतो तो वळणावर. याच वेगाने 20 मीटर त्रिज्येचे वळण घेताना पंखांवर विमानाच्या वजनाच्या जवळजवळ नऊ पट भार येतो. दीड किलोचे विमान त्या क्षणी पंखांना सुमारे 13 किलोचे वाटते. म्हणून पंख बाल्सा लाकडाचा असो वा फोमचा, त्याच्या पोटातून कार्बन फायबरची दांडी घालणे आवश्यक ठरते. पंख व शेपटी परस्परांशी अचूक कोनात बसली पाहिजेत. किंचित पीळ राहिला, तरी कमी वेगात न जाणवणारा दोष पूर्ण वेगात विमानाला एका बाजूस ओढतो.

बांधणीतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या साधारणतः 25 ते 30 टक्के अंतरावर तो असावा. पंखाची रुंदी 20 सेंटिमीटर असेल, तर हे अंतर 5 ते 6 सेंटिमीटर भरते. त्या रेषेवर दोन बोटांनी विमान उचलले असता ते समतोल राहावे किंवा त्याचे नाक किंचित खाली झुकावे. शेपटी जड झाली, तर विमान हाताच्या सूक्ष्म हालचालीलाही उसळून प्रतिसाद देते आणि आवरता येत नाही. हा दोष दूर करण्यासाठी नवे वजन घालण्याची गरज बहुधा पडत नाही. बॅटरी थोडी पुढे सरकविली की पुरते.

उड्डाणापूर्वी ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्यातील संपर्क दूर अंतरावरून तपासावा. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था करून ठेवावी. लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज होत असताना तिच्याजवळून उठून जाऊ नये. दिल्लीच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात 45 अंश तापमानाला हवा 15 अंशांच्या तुलनेत सुमारे दहा टक्के विरळ असते. त्यामुळे विमानाला उतरतानाही अधिक वेग लागतो. हिवाळ्यात धुके पसरले, तर वेगवान विमान काही क्षणांत दृष्टीआड होते.

यापुढचा प्रश्न जागेचा. 2021 च्या ड्रोन नियमांत छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या प्रतिकृती-विमानांचाही समावेश आहे. सप्टेंबर 2021 मध्ये 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर देशाचा हवाई नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात लाल, पिवळे व हिरवे असे विभाग आहेत. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. पालमचा विमानतळ, हिंडनचा हवाई तळ आणि राजधानीतील महत्त्वाच्या वास्तू यांमुळे येथे मोकळे मैदान दिसले, तरी तेथील आकाश मोकळे असेलच असे नाही. प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास दिल्ली पोलीस अशा उड्डाणांवर स्वतंत्र बंदी आदेशही काढतात. सबब विमानाचे साहित्य खरेदी करण्यापूर्वीच नकाशा व चालू आदेश पाहणे इष्ट होय.

विम्याकडेही दुर्लक्ष करू नये. याच नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या सूक्ष्म वर्गाला सूट असून इतरांना त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा लागू होतो. ही तरतूद अवास्तव नाही. वर उल्लेखिलेले विमान पूर्ण वेगात कोणावर आदळले, तर तो आघात ताशी 24 किलोमीटर वेगाने धावत आलेल्या 60 किलो वजनाच्या माणसाच्या धडकेइतक्या ऊर्जेचा असतो आणि ती सारी ऊर्जा तळहाताएवढ्या जागी एकवटते.

म्हणूनच नवशिक्याने प्रारंभ शर्यतीच्या विमानाने करू नये. रुंद पंखांचे संथ विमान अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली दोन-तीन महिने उडवावे. ते वाऱ्यातही ठरल्या जागी अलगद उतरविता येऊ लागले की मग वेगवान विमानाची बांधणी हाती घ्यावी.