रंग आधी कोणी चढवला?

अग्निशमन दलाच्या पोशाखात वापरला जाणारा ‘नोमेक्स’ हा ड्यूपॉन्ट कंपनीने विकसित केलेला ॲरामिड तंतू सहजासहजी रंगत नाही. त्याची रेणुरचना इतकी घट्ट असते, की उकळत्या पाण्यातही रंग पुरेसा आत शिरत नाही. म्हणून तंतू फुगवणारी रसायने वापरावी लागतात.

अशी एकच पद्धत दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, तर पेटंट कोणाला? अमेरिकेत १६ मार्च २०१३ पूर्वीच्या अर्जांबाबत प्रथम शोध लावणारा श्रेष्ठ ठरे. त्यासाठी प्रयोगवहीतील नोंदी आणि साक्षीदारांचा पुरावा लागे. आता तेथेही, भारताप्रमाणेच, प्रथम अर्ज करणाऱ्या शोधकास प्राधान्य मिळते. त्यामुळे रंग आधी चढवूनही अर्जास विलंब करणाऱ्याचा हक्क निसटू शकतो.