पायावरच्या शिरा : दाखवायच्या कोणत्या, सोडून द्यायच्या कोणत्या?



पैनगंगा-खडकपूर्णेच्या काठचा आपला माणूस निम्मे आयुष्य उभ्यानेच काढतो. रात्री वीज आली की ओलिताला जायचे, गळीत सुरू झाले की उसाच्या फडात आणि वजनकाट्यावर ताटकळायचे. घरातल्या बाईचे तर उभे राहणे कोणी मोजतच नाही. मग चाळिशीच्या आसपास पायावर निळ्या शिरा दिसू लागतात आणि गावात निदान होते, "नस धरली."

या 'नस' शब्दाने फार घोटाळा केला आहे. रात्री पोटरीत गोळा येतो तो स्नायूचा. कमरेपासून पायात चमक जाते ती मज्जातंतूची. आपण येथे बोलतो आहोत ते अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरांबद्दल.

पायातले रक्त वर चढते कसे? विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण शिवारात सरळ 'फुटबॉल' म्हणतो, तो आठवा. पाणी वर जाऊ द्यायचे, खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. शिरांमध्ये अशाच झडपा असतात, आणि पोटरीचा स्नायू म्हणजे मोटार. चालताना ती सुरू, नुसते उभे राहिले की बंद. म्हणून शेगावच्या पायी वारीने शिरा बिघडत नाहीत. एका जागी तासन्‌तास उभे राहण्याने त्रास वाढतो. झडप गळू लागली की रक्त खाली साचते आणि शीर फुगते. घराण्यात असणे, बाळंतपणे, वाढते वय व वजन हीही कारणे आहेत.

आता मुख्य गोष्ट. मांडीवर, गुडघ्याजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या, केसाएवढ्या बारीक लाल-निळ्या शिरा दिसतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. क्वचित आग होते, खाज येते. नको असतील तर डॉक्टर बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉलसारखे औषध सोडतात. शीर आतून चिकटते आणि हळूहळू नाहीशी होते. मात्र एका खेपेत काम होत नाही, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतात, आणि पुढे नव्या शिराही येतात. गरोदरपणी हे करीत नाहीत. वरून लेसर मारण्याचीही सोय आहे, पण सावळ्या कातडीला डाग पडण्याची भीती त्यात जास्त. केवळ दिसण्यासाठी उसाच्या बिलातून पैसे काढण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला अशा शिरांचा पंखाच पसरला असेल तर मात्र दाखवावे. ती मोठ्या शिरेच्या बिघाडाची खूण असू शकते.

दोरीसारख्या जाड, वळणावळणाच्या शिरांची गोष्ट वेगळी. वैद्यकात त्यांना अपस्फीत नीला म्हणतात. संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, मग घोट्यावरची कातडी काळी पडून खाजते. येथेच जागे व्हायचे! पुढची पायरी जखमेची, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यावर हळद, तंबाखू लावीत बसणे वाईट. बिबा घालणे त्याहून वाईट, कारण बिब्याने कातडी भाजते आणि असल्या पायावरचे भाजलेले लवकर बरे होत नाही.

अशा पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात. कोणती झडप गळते ते तीत दिसते. पूर्वी जांघेत चीर देऊन शीर ओढून काढीत. आता बऱ्याच ठिकाणी शिरेत बारीक नळी घालून लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतूनच बंद करतात, आणि रोगी बहुधा त्याच दिवशी चालत घरी येतो.

घट्ट मोजे सकाळी उठण्यापूर्वीच, पाय सुजायच्या आत चढवावे. पण विडी ओढणाऱ्यांनी व मधुमेह्यांनी आधी पायाची नाडी तपासून घ्यावी. शुद्ध रक्ताचाच पुरवठा कमी असेल तर हे मोजे घात करतात.

उसाचे पाते किंवा कोयता लागून फुगलेली शीर फुटली तर रक्त पाहून घाबरू नका. माणसाला आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापड जखमेवर दहा-पंधरा मिनिटे दाबून धरा आणि मग दवाखान्यात न्या. वर दोरी आवळू नका. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आत गाठ झाली असू शकते. जोडीला दम लागला तर क्षणही दवडू नका.

दाखवायला प्रथम बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात सर्जनकडे जावे. 2024 पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते काय, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.